उपाशी वाफा

मुलगी: बाबा, पुन्हा विचारते. या पहिल्या वाफ्यात काहीही घालायचं नव्हतं ना?

बाबा: नव्हतंच. आणि घातलेलंही नाही.

मुलगी: मग हा पालक माझ्या गुडघ्याला का लागतोय?

बाबा: पुस्तकं वाचून वाचून वाकली आहेस तू. गुडघे खाली आले असतील.

मुलगी: बाबा.

बाबा: अगं, मी काय पालकाच्या कानात जाऊन सांगितलं का, वाढ म्हणून? बियाणं चांगलं असेल. तूच आणलंस.

मुलगी: बियाणं चारही वाफ्यांत एकाच पुडीतलं आहे. पेरलंय एकाच दिवशी, तुमच्यासमोर. दुसऱ्या वाफ्यात नुसतं कंपोस्ट, तिथे बघा, पान घोट्याच्या वर गेलेलं नाही. तिसऱ्यात नुसतं गोणीतलं खत, तो जरा बरा आहे. चौथ्यात दोन्ही, मोजून मापून, तो चांगला आला. येणारच होता, त्याच्यासाठी तर हा सगळा खटाटोप. आणि हा पहिला, ज्याच्या वाट्याला काहीच नव्हतं, तो चौथ्याच्याही डोक्यावर चढून बसलाय.

बाबा: काही पोरं असतात तशी. लक्ष दिलं नाही की जोमानं वाढतात. तूच बघ.

मुलगी: उद्या सकाळी कॉलेजातले माझे सर येणार आहेत. चारही वाफ्यांतली पानं कापणार, माती पिशव्यांत भरणार आणि कुठल्या वाफ्यात किती शिसं पानात उतरलंय ते तपासायला नेणार. मी आज आले ती वाफ्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लावायला. मला वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम, मग आईच्या हातचं जेवून झोप काढायची.

बाबा: मग लाव की चिठ्ठ्या. मी खुंट्या ठोकतो.

मुलगी: आधी हे काय आहे ते सांगा. मातीत बोट घातलं तर हाताला लागलं.

बाबा: चष्मा घरी राहिला बघ.

मुलगी: तुमच्या डोक्यावर आहे.

बाबा: हां. आहे खरा. अं... अंड्याचं टरफल दिसतंय.

मुलगी: या वाफ्यात अंड्याचं टरफल कुठून आलं?

बाबा: कावळा, दुसरं काय. कावळे काय वाटेल ते आणून टाकतात.

मुलगी: आणि हा चहाचा चोथा? कावळ्यानं चहा करून प्यायला?

बाबा: हल्ली कावळेही सुधारलेत.

मुलगी: टरफलं, चोथा, ही लाकडाची राख. हे सगळं आपल्या मागच्या खड्ड्यातलं कंपोस्ट आहे, बाबा. मी ओळखते ते. शाळेत असताना रोज बादली नेऊन ओतायला मीच जायचे.

बाबा: बांधावर बस जरा. उभ्यानं ऐकण्यासारखं नाही.

मुलगी: बसले.

बाबा: एक टोपली. तीही मोठी नाही, ती कान तुटलेली, लहान.

मुलगी: एकच?

बाबा: पहिल्यांदा एकच.

मुलगी: देवा.

बाबा: ऐकून तर घे. तू पेरणी करून गेलीस तेव्हा मी अगदी कडक होतो. इतका की चहाच्या टपरीवर उभं राहून मी व्याख्यान दिलं. सगळ्यांना सांगितलं, आमच्या मॅडमनी चार वाफे केलेत, त्यातला एक उपाशी ठेवलाय, आणि गंमत म्हणजे तोच सगळ्यांत महत्त्वाचा. तो उपाशी वाफा म्हणजे साक्षीदार. त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय बाकीच्या तिघांचं खरंखोटं कळत नाही. शेजारच्या शेतातला सुतार म्हणाला, काका, तुम्ही तर प्रोफेसर झालात. माझी छाती अशी फुगली. आणि तसाच फुगून घरी आलो आणि साक्षीदाराला जेवू घातलं.

मुलगी: का पण?

बाबा: अगं, रोज सकाळी पाणी द्यायला जायचं ते याच्यावरून. तिघं जरा तरी उभे, आणि हा आपला पिवळा, मान टाकलेला. चार पोरं ओळीनं बसवायची, तिघांच्या पानात वाढायचं आणि चौथ्याला सांगायचं, तू पाणी पी. मला नाही जमलं. मी मान फिरवून जायला लागलो. मान फिरवून चालताना एकदा नळीत पाय अडकून पडलो, तेही सांगून टाकतो. तेव्हा वाटलं, या वाफ्यापायी हाडं मोडून घेण्यापेक्षा एक टोपली टाकावी.

मुलगी: म्हणजे पडलात तो दोष वाफ्याचा.

बाबा: दोष माझाच. आयुष्यभर मी गोणीवाला माणूस. गोणी फोडली, फेकलं, झालं काम. कंपोस्ट म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग असं मी भर बाजारात म्हणायचो. पण तू गोणीतलं खत वजनकाट्यावर तोलून, पुड्या बांधून, कपाटात कुलूप लावून ठेवलंस. मग काय, चोराच्या हाताला जे लागेल ते. खड्ड्याला कुलूप नव्हतं.

मुलगी: चूक माझीच म्हणायची. शेतकऱ्याच्या ताब्यात उपाशी वाफा देणारी मीच शहाणी. कॉलेजात सगळ्यांना सांगत होते, माझं शेत घरचंच आहे, राखायला बाबा आहेत, मला कसली काळजी.

बाबा: असं सांगितलंस?

मुलगी: हो. अभिमानानं.

बाबा: मग तर मला त्या खड्ड्यातच टाक. तेवढंच चांगलं कंपोस्ट होईल.

मुलगी: थांबा. पण हे जुळत नाही. नुसतं कंपोस्ट तर दुसऱ्या वाफ्यातही आहे. कंपोस्ट मातीतलं शिसं धरून ठेवतं, मुळांना सहज घेऊ देत नाही, हे खरं. पण ते पिकाला खायला देतं सावकाश. तुम्ही कितीही टोपल्या टाकल्या तरी एवढ्या दिवसांत पालक गुडघ्याला येणार नाही. याला झटपट काहीतरी मिळालंय.

बाबा: मी गोणीला हात लावलेला नाही. आईशप्पथ.

मुलगी: मग हे दाणे? हे बघा, कडेकडेनं. पांढरे, गोल.

बाबा: हे माझे नाहीत. एवढा तरी विश्वास ठेव. पकडला गेलेला चोर कशाला खोटं बोलेल?

आई: चहा आणलाय. गार व्हायच्या आत घ्या. बांधावर बसून काय पंचायत चाललीय बापलेकीची?

बाबा: ये. बस. मी गुन्हा कबूल केलाय.

आई: कुठला? टोपल्यांचा?

बाबा: तुला माहीत होतं?

आई: खड्डा मी भरते. त्यातलं कमी झालेलं मला कळणार नाही होय? आणि टोपली घेऊन जाताना तुम्ही शीळ घालत होता. इतक्या वर्षांत तुम्ही शीळ घातलीत की मी समजते, काहीतरी लपवताहेत.

मुलगी: आई, इकडे बघ. माझ्याकडे. हे दाणे कुणी टाकले?

आई: मी.

बाबा: तू?

आई: माझ्या गुलाबाच्या कुंड्यांसाठी डबा आहे ना, पत्र्याचा, त्यातलं खत. दर वेळी मूठभर. जास्त नाही.

मुलगी: आई, तू पण?

आई: मग काय करू? तू फोनवर बोलत होतीस मैत्रिणीशी, मागच्या वेळी आलीस तेव्हा. म्हणालीस, पहिला वाफा मेला तर माझी सगळी मेहनत पाण्यात. मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी बघते तर पानं पिवळी. मला वाटलं, हा मेला तर पोरीला नापास करतील. आणि हे बसलेत पाणी देत, मान फिरवून. म्हटलं, यांना काही पोरीची काळजी नाही, आपणच बघावं.

मुलगी: अगं, मेला तर म्हणजे गुराढोरांनी खाल्ला, कुणी तुडवला, तर. पिवळा पडणं तर हवंच होतं. तो पिवळाच राहायला हवा होता.

आई: ते मला काय माहीत. मला कुणी व्याख्यान दिलं नाही. ते टपरीवर दिलं.

बाबा: आणि टाकायचीस कधी?

आई: तुम्ही दुपारी आडवे झालात की. तुम्ही कधी जायचात?

बाबा: तू आंघोळीला गेलीस की.

आई: बघ. एका घरात राहतो आम्ही.

मुलगी: म्हणजे सकाळी बाबांचं कंपोस्ट आणि दुपारी तुझं खत. मी दोन वर्षं पुस्तकं चाळून, मोजमाप करून चौथा वाफा बनवला, आणि तुम्ही दोघांनी एकमेकांना न सांगता तोच पहिल्यात बनवलात.

बाबा: आणि तुझ्यापेक्षा उंच आणलाय, एवढं तरी म्हण.

मुलगी: उंच म्हणजे चांगला नाही, बाबा. दोघांनी मिळून भरमसाट घातलंय म्हणून उंच. हिरवंगार दिसतं म्हणून ते खायला चालतं असं नाही. पानात शिसं किती उतरलंय ते डोळ्याला दिसत नाही. दिसत असतं तर आपल्या फाटकावर ‘इथली भाजी खाऊ नये’ अशी पाटी लावायची वेळ कशाला आली असती?

बाबा: खरंय. नको त्या वेळी बोललो.

आई: चहा घे गं. रडू नकोस.

मुलगी: रडत नाहीये. राग आलाय मला. इतका आलाय की कुणावर काढू ते कळत नाहीये. परक्या माणसानं केलं असतं तर चार शब्द सुनावले असते.

बाबा: सुनाव की. मी परका समजून ऐकतो.

आई: मी एक विचारू? उद्या सर येतील. पानं कापतील, नेतील. आपण तिघांनी तोंड उघडलं नाही तर कुणाला कळणार आहे?

मुलगी: कुणालाच नाही.

आई: मग?

मुलगी: मग काय होईल सांगते. तपासणीत पहिल्या वाफ्याच्या पानांत शिसं कमी निघेल, चौथ्यासारखंच. कारण त्यातही तेच आहे. सर लिहितील, काहीही न घालतासुद्धा इथली माती आपोआप सुधारली. पाट्या लावणारे कार्यालयवाले खूश होतील. बॅटऱ्या फोडायचा कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाली, कालव्याचं पाणी बदललं, माती बरी झाली, काढा पाट्या. आपल्या एकट्याची नाही, कालव्याकाठच्या सगळ्यांच्या. सुतार दुसऱ्याच दिवशी भाजी लावेल. काहीही न घालता, तशाच मातीत. त्याची धाकटी अजून रांगते.

आई: तसं असेल तर नकोच.

बाबा: सुतारानं मला विचारलंयही. म्हणाला, काका, तुमच्या मुलीचा निकाल लागला की सांगा, मीही चार वाफे करीन.

मुलगी: म्हणून खरं सांगावंच लागणार. आणि खरं सांगितलं की साक्षीदारच राहत नाही. मग बाकीचे तीन वाफे कितीही चांगले असोत, कशाशी ताडायचे? हंगाम गेला. पुढच्या वर्षी परत. पाटी अजून एक वर्ष. माझी परीक्षाही एक वर्ष पुढे.

बाबा: फोन दे तुझा.

मुलगी: कशाला?

बाबा: सरांशी मी बोलतो.

मुलगी: माझं काम आहे, बाबा. मीच सांगेन.

बाबा: काम तुझं आहे, पण लबाडी माझी आहे. दुसऱ्याच्या लबाडीचं श्रेय घेऊ नये. दे.

(बाबा फोन घेऊन विहिरीपलीकडे जातात.)

मुलगी: बोलतील नीट?

आई: बोलतील. आधी जरा स्वतःची टिंगल करतील. ती झाली की नीट बोलतात.

मुलगी: आई, मी फार चिडले का?

आई: चिडायचंच होतं. मीही चिडले असते. पण ह्यांचं एक सांगते, तू ऐक. ह्यांना त्या पाटीची फार लाज वाटते. तू शहरात असतेस, तुला नाही दिसत. भाजी आणायला जातात ना, तर पलीकडच्या बाजाराला जातात, लांबच्या. इथल्या भाजीवाल्यांना तोंड दाखवायला नको म्हणून. एकदा तिथेही ओळखीचा भेटला. त्यानं विचारलं, शेती सोडली की काय. तर हे म्हणाले, नाही, शेतीनं मला सोडलंय. सगळे हसले. घरी आले आणि पिशवी ठेवून नुसते बसून राहिले.

मुलगी: मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही.

आई: तुला काय सांगायचं. तुला सांगितलं असतं तर तू तिथे अभ्यास सोडून रडत बसली असतीस.

मुलगी: आणि तुला? तुला कशासाठी हवीय पाटी काढलेली?

आई: मला?

मुलगी: हो. तूही मूठ मूठ टाकत होतीस.

आई: ते तुझ्या परीक्षेसाठी.

मुलगी: तेवढ्यासाठीच?

आई: तू शाळेत होतीस तेव्हा पाटी लागली. तेव्हापासून तुझ्या डब्यात मी विकतची भाजी भरली. तू होस्टेलला गेलीस, जाताना विकतचीच बांधून दिली. शेत दारात आणि मी पोरीला सांगतेय, चांगली धुऊन घे गं, कुठली आहे माहीत नाही. मला एकदा आपल्या शेतातली जुडी तुझ्या हातात द्यायचीय. न घाबरता. एवढंच.

मुलगी: देशील.

आई: खोटी नको पण. तू म्हणालीस ना, हिरवं दिसतं म्हणून चालत नाही. मला तशी नकोय.

मुलगी: आले बाबा.

बाबा: झालं बोलून.

मुलगी: काय म्हणाले सर?

बाबा: म्हणाले, आधी किती घातलं ते सांगा. मी म्हटलं, मनाला बरं वाटेल इतकं. म्हणाले, असं माप नसतं. मी म्हटलं, आमच्याकडे तेवढंच आहे. मग हिच्या मुठीबद्दल सांगितलं. तेव्हा पलीकडून हसल्याचा आवाज आला. पण लगेच दाबला त्यांनी. सभ्य माणूस आहे.

मुलगी: रागावले नाहीत?

बाबा: रागावले ना. शेवटी शेवटी. म्हणाले, तुमच्या मुलीनं या वाफ्यांसाठी काय काय केलंय तुम्हाला ठाऊक आहे का. सुट्टी घेतली नाही, प्रयोगशाळेत पहाटे येऊन बसते. मी म्हटलं, नाही, ती आम्हाला सांगत नाही. ते म्हणाले, मग मी सांगतो. आणि सांगितलं. बरंच सांगितलं. मी नुसता हो हो करत होतो.

मुलगी: बाबा, तुमचे डोळे...

बाबा: कांद्याच्या सालींनी झालं असेल. तुझ्या कंपोस्टात असतात.

आई: पुढे काय ठरलं ते सांगा.

बाबा: पहिला वाफा बाद. निकालात धरायचा नाही. उद्या ते तरीही येणार, बाकीच्यांची पानं नेणार, नोंद असू दे म्हणाले. पण पाटी काढायला तेवढं पुरणार नाही. पुढच्या हंगामात पहिल्यापासून सगळं. परीक्षाही तेव्हाच. मी म्हटलं, शिक्षा मला करा, तिला का. ते म्हणाले, माझ्या हातात नाही, साक्षीदाराशिवाय चालत नाही. माझंच वाक्य मला ऐकवलं. मॅडम, चूक झाली माझी. टिंगल नाही करत आता. वाईट वाटतंय मला.

मुलगी: माहीत आहे.

बाबा: तुझं वर्ष गेलं माझ्यामुळे.

आई: आपल्यामुळे म्हणा. मी पण आहे.

मुलगी: ऐका दोघं. पुढच्या वर्षी इथेच करायचं, याच शेतात. नवी जागा घेऊ, त्या कोपऱ्यात, जिथे कुणी काही टाकलेलं नाही. आणि हे सगळं सुतारालाही सांगायचं. बाबा, ते तुम्ही सांगायचं. टपरीवर, सगळ्यांसमोर, व्याख्यान दिलंत तसंच.

बाबा: सगळ्यांसमोर?

मुलगी: नाहीतर तो परवा भाजी लावून मोकळा होईल.

बाबा: सांगतो. प्रोफेसरची नोकरी गेली म्हणायची.

मुलगी: आणि उपाशी वाफा या वेळी उपाशीच राहायला हवा. पिवळा पडला, मान टाकली, अर्धा वाळला, तरी. खरं सांगा, जमेल तुम्हाला?

बाबा: खरं सांगू? नाही जमणार. तोंडदेखलं हो म्हणेन आणि एखाद्या सकाळी हात टोपलीकडे जाईल. तू कुंपण घाल, कुलूप लाव, आणि किल्ली तुझ्याबरोबर शहरात घेऊन जा. मी लांबून पाणी सोडत जाईन.

मुलगी: घालते. साधी जाळी पुरेल.

आई: साधी नको. बारीक घे, माझा हात आत जाणार नाही अशी.